विसण

पहाटेचे सव्वाचार वाजले होते. लंडनजवळच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत आम्ही दोघी उभ्या होतो. माझ्या एका हातात दोघींचे कोट, दुसऱ्या हातात मोबाइल आणि पासपोर्ट. आईच्या हातात फक्त तिचा स्टीलचा थर्मास. तपासणीवरच्या मुलाने अगदी अदबीने सांगितलं, पाणी आत नेता येणार नाही, बाजूच्या टबात ओतून या. आईने झाकण फिरवलं. वाफेचा एक लोट वर आला आणि तिच्या चष्म्यावर धरला. तिने थर्मास टबावर तिरका केला आणि थांबली. मग तो तोंडाला लावला. पाणी चांगलं चटका बसेल इतकं गरम होतं, तरी तिने एक घोट घेतला, फुंकर मारून दुसरा घेतला. मागे रांग तुंबली होती. माणसं हातात पट्टे घेऊन, मोज्यांवर उभी होती. मी म्हणाले, "ओत ना गं आई, पाणीच आहे नुसतं." तिने ओतलं. पण भसकन नाही. बारीक धार धरून, शेवटच्या थेंबापर्यंत, भरल्या घागरीतून दुसऱ्या घागरीत ओतावं तसं. थर्मास उलटा करून झटकला, झाकण घट्ट लावलं, स्वेटरच्या बाहीने ओठ पुसले आणि चालायला लागली. रागावली नाही. काही बोललीही नाही.

पाणीच आहे नुसतं.

हे वाक्य त्या दिवसभर माझ्याबरोबर फिरलं. ते पाणी माझ्यासाठी होतं. आठवडाभर मला खोकला होता. आमची टॅक्सी तीनला यायची होती, मी अडीचचा गजर लावला होता, आणि झोपेतच मला स्वयंपाकघरात केटलीचा आवाज ऐकू आला होता. त्या आवाजाने मला जाग आली नाही, उलट आणखी गाढ झोप लागली. आई उठली आहे, पाणी तापतंय, आपल्याला अजून थोडा वेळ आहे. चाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या दिवसांत जशी लागायची, तशीच ती झोप होती. विमानात आई खिडकीशी बसली. रिकामा थर्मास तिने मांडीवरच ठेवला होता, पट्ट्याच्या आत, लहान मुलाला धरावं तसा. खाली पूर्ण अंधार होता. तीन तासांच्या प्रवासात ती जेमतेम दहा मिनिटं डोळे मिटून होती. मला खोकला आला की तिचा हात आपसूक थर्मासकडे जायचा आणि तिथेच राहायचा.

आमच्या घरात गरम पाणी म्हणजे आईचं काम होतं. तांब्याचा बंब होता. त्याच्या मधल्या नळीत ती पहाटे काटक्या आणि कोळसे घालायची, आणि आम्हाला जाग यायची ती त्या धुराच्या वासाने. पाणी किती तापलंय हे तिला बंबाच्या आवाजावरून कळायचं. आधी तो गुणगुणायचा, मग गप्प व्हायचा, मग आतून खुळखुळ सुरू व्हायची. आंघोळींचा क्रम ठरलेला होता आणि तो कुणी कधी ठरवला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी आजोबा, मग ऑफिसला जायचं म्हणून बाबा, मग काका, मग शाळेची आम्ही भावंडं. प्रत्येकाच्या बादलीत ती कढत पाणी काढायची, गार पाण्याचं विसण घालायची, उलट्या हाताने पाहायची आणि मगच हाक मारायची. कुणाला किती विसण लागतं हे तिच्या हातालाच माहीत होतं. आजोबांना अगदी थोडं, मला जास्त, धाकट्याला त्याहून जास्त. तिची स्वतःची आंघोळ व्हायची सगळे बाहेर पडल्यावर, स्वयंपाक आटोपल्यावर. तोवर बंबाखाली राख उरलेली असायची. तिच्या पाण्यात विसण घालावंच लागायचं नाही.

हे मला तेव्हा दिसलं नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं वाटत नव्हतं. मला जास्त लागतं ते हे.

आइसलँडमधल्या केफ्लाविकला उतरलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि अजून नीट उजाडायचं होतं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. हिवाळ्यात आइसलँड आणि लंडनचं घड्याळ एकच असतं, त्यामुळे फरक वेळेचा नव्हता, उजेडाचाच होता. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने आईची टोपी उडाली. मी धावत जाऊन ती पकडली. बसमध्ये बसल्यावर हळूहळू निळसर उजेड झाला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाव्ह्याचं रान दिसायला लागलं. काळे, खडबडीत, एकमेकांत घुसलेले दगड, त्यांच्यावर शेवाळाची जाड गादी आणि गादीवर विस्कटलेलं बर्फ. झाड एकही नाही. लांब क्षितिजाजवळ पांढऱ्या वाफेचे खांब सरळ उभे राहत होते आणि वर जाऊन वाऱ्याने वाकत होते. आईने काचेवरचं धुकं पुसलं. बराच वेळ पाहून म्हणाली, "एवढ्या सकाळी कुणाकडे पाणी तापतंय गं?"

मला तिला सांगायचं होतं की साडेअकराशे वर्षांपूर्वी, ८७४ च्या सुमारास, इंगोल्फुर आर्नारसॉन नावाचा माणूस या किनाऱ्यावर आला आणि त्यालाही हेच दिसलं. जमिनीतून वर येणारी वाफ. त्यावरूनच या गावाचं नाव रेक्याविक पडलं, म्हणजे धुराची खाडी. पण मी काही सांगितलं नाही. तिचा प्रश्न मला जास्त आवडला होता. त्याने धूर पाहिला, तिने त्या धुराखाली उठलेलं माणूस पाहिलं.

हॉटेलच्या खोलीत आईने पहिल्यांदा बेसिनचा गरम नळ सोडला. क्षणात पाणी कढत झालं आणि उकडलेल्या अंड्यासारखा वास खोलीभर पसरला. गंधकाचा. तिने ओंजळ नाकाशी नेली, मग मान हलवून म्हणाली, "जमिनीचा वास आहे." तो वास तिला वाईट वाटला नाही. तिला खटकलं ते वेगळंच. खिडकीखाली रेडिएटर तापलेला, नळाला कढत पाणी, आणि खाली रस्त्यावर पाहावं तर सगळीकडे बर्फ साचलेलं असताना फरसबंदी तेवढी ओली आणि स्वच्छ. घरं तापवून परतलेलं कोमट पाणी तिथे रस्त्याखालच्या नळ्यांतून फिरवतात, म्हणून बर्फ धरत नाही, असं मी तिला सांगितलं. "म्हणजे माणसांची आंघोळ झाल्यावर उरलेलं रस्त्याला," ती म्हणाली. आंघोळीचं नव्हे, पण मी दुरुस्त केलं नाही. या देशात दहातली नऊ घरं जमिनीच्या उष्णतेवर ऊब धरतात. चार लाखांहून कमी लोकांचा देश. पहाटे उठून पाणी तापवणारं इथे कुणी लागतच नाही, हे आईच्या मनात कसं उतरत होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तिने नळ बंद केला आणि मग पुन्हा एकदा सोडून पाहिला.

दुपारी मी तिला लॉयगारदालूरला नेलं. तसा पाहण्यासारखा भाग मोठा नाही. झाडांच्या कडेला दगडांनी बांधलेले लांबट चर आहेत, त्यांच्यावर लोखंडी कमानी आहेत, आणि माहितीचे फलक. इथे गरम पाण्याचे झरे होते आणि रेक्याविकच्या बाया शहरातून तीनेक किलोमीटर चालत इथे धुणं घेऊन यायच्या. बर्फात, अंधारात, वाऱ्यात. गाठोडं पाठीवर, बादली, साबण, धोपटणं, शिवाय स्वतःचा डबा. त्या ज्या वाटेने यायच्या तिचं नाव लॉयगावेगुर, गरम कुंडांची वाट. आज ती शहरातली दुकानांची सगळ्यात गजबजलेली गल्ली आहे आणि आम्ही तिच्यावरूनच बसच्या थांब्याकडे गेलो होतो. त्या चरांत तोल जाऊन पडल्याने बाया भाजून मेल्या, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर या लोखंडी कमानी बसवल्या. आस्मुंदुर स्वेइन्सॉन या शिल्पकाराने घडवलेली धुणं धुणारी बाईही तिथे आहे. वाकलेली, रुंद पाठीची, चेहऱ्यापेक्षा हातच जास्त असलेली. फलकावरचं मी आईला मराठीत सांगत गेले. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष चराच्या कडेच्या दगडाकडे होतं. हातमोजा काढून तिने तो दगड चाचपला.

"आणि परत जाताना?" ती म्हणाली.

"परत जाताना काय?"

"अगं, ओलं धुणं. येताना कोरडं असतं. जाताना दुप्पट जड होतं."

फलकावर हे कुठेही नव्हतं. मी त्या जागेबद्दल आधी बरंच वाचलं होतं. १९२८ मध्ये इथेच जमिनीत छिद्रं पाडून पाणी काढायला सुरुवात झाली, १९३० मध्ये नळ टाकून ते शहरातल्या शाळेत, इस्पितळात आणि काही घरांत नेलं, आणि रेक्याविकची घरं तापवायची सुरुवात तिथून झाली, हे सगळं मला पाठ होतं. पण परतीच्या वाटेवरचं ओझं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या अंतरावरून बायांनी पिढ्यान्‌पिढ्या ओलं ओझं वाहून नेलं, तेवढ्याच अंतरावरून मग पाणी स्वतः चालत त्यांच्या घरी गेलं. आई त्या शिल्पातल्या बाईसमोर थोडा वेळ उभी राहिली. तिची पाठ आणि ती पाठ मी एकाच वेळी पाहिली, आणि सकाळचं वाक्य पुन्हा घशाशी आलं.

ब्लू लगून या गरम पाण्याच्या तळ्यावर आंघोळीची वेळ संध्याकाळी सहाची होती. पहाटे अडीचपासूनचा दिवस, तिचं वय सत्तरीला टेकलेलं. मी दोनदा विचारलं, उद्यावर टाकू का? ती नको म्हणाली. तिकिटाचा आकडा मी तिला सांगितला नव्हता. दोघींचे मिळून वीस हजार क्रोनांहून जास्त झाले होते, आणि त्याचे रुपये करून तिने मनात काय काय विकत घेतलं असतं ते मला ठाऊक होतं. बस पुन्हा त्याच काळ्या रानातून निघाली. अंधार पडत होता. ग्रिंडाविक गावाच्या रस्त्याला वळल्यावर दोन्ही बाजूंचा दगड बदलला. शेवाळ संपलं. हा लाव्हा नवा होता, बसच्या दिव्यात चमकणारा, कोळशासारखा काळा, आणि जागोजाग त्याच्या फटींतून वाफ निघत होती. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ग्रिंडाविकमधले सुमारे ३,८०० लोक घरं सोडून निघाले. डिसेंबरपासून ज्वालामुखीचे एकामागून एक उद्रेक झाले. वीज केंद्र आणि लगून वाचवायला मातीचे प्रचंड बांध घातले आहेत, आणि तरी २०२४ च्या नोव्हेंबरात लाव्ह्याने लगूनचा वाहनतळ गिळला. आम्ही गेलो तो रस्ता त्या गोठलेल्या लाव्ह्यावरूनच पुन्हा बांधला होता.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली तारीख दुसरी आहे. ८ फेब्रुवारी २०२४. त्या दिवशी लाव्ह्याचा एक ओघ स्वार्त्सेंगीच्या वीज केंद्रातून निघालेल्या गरम पाण्याच्या मुख्य नळावरून गेला आणि नळ फुटला. रेक्यानेस द्वीपकल्पावरच्या वीस हजारांहून जास्त लोकांचं गरम पाणी ऐन थंडीत बंद झालं. रेडिएटर गार पडले. त्या काही दिवसांत किती घरांत कुणीतरी पहाटे उठून केटली लावली असेल, पातेल्यात पाणी तापवलं असेल, लहानांना आधी, म्हाताऱ्यांना आधी, आणि स्वतःचं राहू दे म्हटलं असेल. याची नोंद कुठे होत नाही. आम्ही गेलो तेव्हा त्याला जवळजवळ वर्ष होत आलं होतं. मी हे आईला सांगितलं. ती बाहेरच्या काळ्या दगडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "लेकुरवाळ्यांचे हाल झाले असतील."

लगूनच्या पाण्याची गोष्ट मला तिला आत जाण्याआधी सांगायची होती, कारण ती तिच्यासाठीच आहे असं मला वाटत होतं. हे नैसर्गिक कुंड नाही. १९७६ साली स्वार्त्सेंगीचं केंद्र सुरू झालं. तिथे जमिनीत खोलवरून येतं ते पाणी दोनतृतीयांश समुद्राचं असतं, क्षारांनी आणि सिलिकाने भरलेलं. ते घरोघरच्या नळांत सोडता येत नाही, नळच बुजून जातील. म्हणून त्याची उष्णता साध्या पाण्याला देतात, ते साधं पाणी घरोघर जातं, आणि हे खारं पाणी बाहेर लाव्ह्यावर सोडून दिलं जायचं. लाव्हा सच्छिद्र, मुरून जाईल असा हिशेब होता. पण सिलिकाच्या पांढऱ्या गाळाने छिद्रं बुजली आणि पाणी साचत गेलं. १९८१ मध्ये सोरायसिस असलेला एक माणूस त्यात उतरला, त्याच्या त्वचेला बरं वाटलं, आणि मग लोक यायला लागले. १९८७ मध्ये तिथे आंघोळीची सोय झाली. निळा रंगही पाण्यात तरंगणाऱ्या सिलिकावरून परतणाऱ्या उजेडाचा. ओंजळीत घेतलं तर पाणी दुधट दिसतं.

"म्हणजे उरलेलं पाणी," आई म्हणाली. "सगळ्यांचं झाल्यावरचं."

मी हो म्हणाले. तिने मान डोलावली. जणू आता ही जागा तिच्या ओळखीची झाली.

पाण्यात उतरण्याआधी साबण लावून, कपडे न घालता आंघोळ करायची हा तिथला नियम. शरीराचे कोणते भाग नीट धुवायचे ते दाखवणारी चित्रं भिंतीवर असतात. आईला हे आधी सांगितलं होतं आणि मला धाकधूक होती, पण तिने वाद घातला नाही. दार असलेला कप्पा मिळाला. मी आवरून बाहेर येऊन उभी राहिले. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी दार वाजवलं. "आई, ठीक आहेस ना?" आवाज आला, "हो गं. इथलं संपत नाही का?" त्या आवाजात काहीतरी होतं, ते मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही संपत. घे सावकाश." केसांना कंडिशनर चोपडून, अंबाडा घट्ट बांधून ती बाहेर आली तेव्हा तिचे कान आणि गाल लालबुंद झाले होते.

दारापासून पाण्यापर्यंतची दहा पावलं मात्र जिवावर आली. वारा बोचत होता. आई कठडा धरून एकेक पायरी उतरली आणि पाणी छातीपर्यंत आल्यावर तिच्या तोंडून "आई गं" असं निघालं, दुखल्यावर निघतं तसं नव्हे, ओझं खाली ठेवल्यावर निघतं तसं. तळाला मऊ गाळ लागत होता. वाफ इतकी दाट की चार हातांवरची माणसं फक्त आवाज होऊन राहिली होती. कोणत्या कोणत्या भाषा, हसणं, एखादं लहान मूल. कडेने लाव्ह्याचे काळे दगड आणि त्यांच्यावर पांढरं बसलेलं साय धरल्यासारखं. एका खिडकीवर पांढरा चिखल चेहऱ्याला लावायला देतात. आईने तो दोन बोटांत चोळून पाहिला, अंगाला लावायच्या आधी पोत बघायची तिची सवय, आणि मग माझ्या कपाळाला आधी लावला.

तेव्हा मी म्हणाले, "आई, सकाळी तो थर्मास. मी उगाच बोलले."

"कोणता? तो होय," ती म्हणाली. "हॉटेलवर गेलो की भरून घेऊ. रात्री लागेल तुला."

मला आणखी बोलायचं होतं. तिने माझ्या नाकाच्या शेंड्यावरचा चिखल नीट केला आणि वळली.

त्या पाण्यात सगळीकडे सारखी ऊब नसते. कुठे कोमट, कुठे एकदम कढत प्रवाह पायाला लागतो. आईला ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं. हात पाण्याखाली उलटा धरून, तळव्याने नव्हे, ती हळूहळू पुढे सरकत होती, थांबत होती, डावीकडे वळत होती. मी मागून पाहत राहिले. तिचा तो उलटा हात मी ओळखत होते. आता ती योग्य जागा शोधेल, वळेल आणि मला हाक मारेल, "ये गं, इथे छान आहे." मी तयारच होते.

काळ्या दगडांच्या एका कोपऱ्यात ती थांबली. तिथून वाफ जास्त निघत होती. ती गळ्यापर्यंत खाली बसली, मान मागे दगडाला टेकवली आणि डोळे मिटले. चेहऱ्यावरचा पांढरा चिखल सुकून त्याला बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. हात दोन्ही बाजूंना पाण्यावर सैल पडले होते, काही धरलेलं नव्हतं. मी वाट पाहिली. तिने हाक मारली नाही.

मी उभी होते तिथे पाणी कोमट होतं आणि खांद्यांना वारा लागत होता. बसला अजून वीस मिनिटं होती. मी हनुवटीपर्यंत पाण्यात बसले, खोकला आला तो दाबला, आणि तिथेच राहिले.